रहाडीच्या दिवशी गॅलरी बंद

“ताई, कुलूप काढ ना. पाहुणे जिन्यात आलेत,” गौरांग दबक्या आवाजात म्हणाला.

“येऊ देत की. चहा प्यायला घर आहेच,” यशश्री आपल्या मामेभावाला म्हणाली आणि गॅलरीच्या दाराची किल्ली तिने खुशाल पर्समध्ये टाकली.

रंगपंचमी होती. खाली गल्लीत रहाड उघडली होती. वर्षभर मातीखाली बुजवलेला तो हौद आज रंगाने काठोकाठ भरला होता. त्यात उड्या टाकणाऱ्यांचे धप्पे बघावेत ते बाळाजीमामांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतूनच, हा साऱ्या गोतावळ्याचा हक्क. आणि नेमकी भाची निघाली स्ट्रक्चरल इंजिनिअर! गॅलरी दुरुस्त करून घ्या, असं तिने दिवाळीतच बजावलं होतं. मामांनी ते रंगपंचमीनंतरवर ढकललं. काल तिने खालच्या मजल्यावरून गॅलरीच्या तळाचं प्लॅस्टर नुसतं बोटाने उचकटलं, तर गंजलेल्या सळईचे पापुद्रे हातात आले.

पाहुण्यांनी चहा घेतला, “एवढी वर्षं नाही पडली ती!” असं तिला ऐकवलं आणि ते नाकं मुरडत शेजारच्या गच्चीवर गेले. यशश्रीने ते हसून सोडून दिलं. अशी बोलणी खायची तिला कामामुळे सवयच झाली होती.

मामांचं मात्र तिला जड गेलं. त्यांचे गुडघे पार गेलेले, खाली गर्दीत उतरणं शक्य नाही, आणि खोलीतून हौद दिसत नव्हता.

“यशू, मी एकटाच उभा राहतो गं. माझं वजन ते केवढं?”

“तुमचं पेलेलही, मामा. पण तुम्हाला बघून सगळे परत धावत येतील. मग मी कुणाकुणाला अडवू? आणि खाली पोरं नाचतायत.”

“राहू दे तर,” म्हणत मामा खुर्ची बंद दारासमोर ओढून बसले. खाली मोठा धप्पा पडला, शिट्ट्या घुमल्या.

“कोण पडलं गं?”

“दिसत नाही, मामा.”

“पुढच्या वर्षी असेन का मी बघायला?”

गॅलरीबद्दल ती छातीठोकपणे बोलली होती. या प्रश्नावर मात्र तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. दुसरी खुर्ची आणून ती त्यांच्या शेजारी बसली.

पुन्हा धप्पा पडला. मामांनी बंद दाराकडे बघून टाळ्या वाजवल्या. मग तिनेही वाजवल्या.