सर्वांत आधी काय कराल?

मी एक जुना प्रश्न आहे. परीक्षेतला. मित्रांनो, प्रश्नालाही आयुष्य असतं, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. परीक्षा संपली की तुम्ही आम्हाला विसरता. आम्ही मात्र तुम्हाला विसरत नाही.

माझा जन्म तैवानमधल्या ताइपेई शहरात, एका बंद खोलीत झाला. कार्यालयांचे संगणक चोरट्यांपासून सांभाळणाऱ्या लोकांची एक मोठी परीक्षा असते. तिचे प्रश्न लिहायला दहा-बारा जाणती माणसं जमली होती. त्यांत वेन ली-च्युन नावाच्या बाई होत्या. ताइनानच्या एका रुग्णालयात त्या हेच काम करायच्या. त्यांनी मला लिहिलं. रुग्णालयात फोन येतो. पलीकडचा माणूस म्हणतो, “मोठ्या डॉक्टरांच्या कचेरीतून बोलतोय, शस्त्रक्रिया चालू आहे, पासवर्ड ताबडतोब बदलून द्या.” तुम्ही सर्वांत आधी काय कराल? खाली चार पर्याय. चारही कामं करण्यासारखीच, पण सर्वांत आधी करायचं एकच: फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरावर स्वतः फोन करून खात्री करायची.

शेजारी बसलेल्या लू शिह-हाओंनी जेवणाचा डबा बाजूला सारून मला वाचलं.

“वेनताई, केवढा खडूस प्रश्न आहे हा! मीच चुकलो असतो.”

“चुकलाच आहेस. तिसऱ्या पर्यायावर बोट आहे तुझं.”

सगळे हसले. मला फार आनंद झाला.

पण लगेच कामावर घेतलं नाही मला. पहिले कित्येक महिने मी परीक्षेत नुसता येत-जात होतो. माझं उत्तर बरोबर आलं काय नि चुकलं काय, कोणाच्या निकालात ते धरत नव्हते. किती जणांना मी जमतो, कोणाला जमत नाही, हे आधी तपासून पाहिलं. मग शिक्का बसला: कठीण.

मित्रांनो, या परीक्षेत सगळ्यांना सारखे प्रश्न येत नाहीत. उत्तर बरोबर आलं की यंत्र पुढचा प्रश्न जरा कठीण देतं, चुकलं की जरा सोपा. मागे वळून उत्तर बदलता येत नाही. किती बरोबर आले एवढंच ते मोजत नाही, किती कठीण प्रश्न पेलले तेही पाहतं. प्रत्येक उत्तरानंतर माणसाच्या तयारीचा अंदाज बांधतं आणि अंदाज पक्का झाला की परीक्षा थांबवतं. कमीत कमी शंभर प्रश्न, जास्तीत जास्त दीडशे.

म्हणून माझ्यासमोर चांगली तयारी असलेलीच माणसं यायची. मला पाहून कपाळाला आठ्या घालायची, हळूच शिव्याही द्यायची. मी समोर येणं हीच शाबासकी आहे, हे त्यांना कोण सांगणार?

सहा वर्षं असं छान चाललं. मग काहीतरी बिघडलं. लोक मला पाहताच सर्वांत खालचा, बरोबर पर्याय दाबू लागले, चार-पाच सेकंदांत! फोन कोणाचा, शस्त्रक्रिया कसली, कोणी वाचेना. कोणीतरी आम्हाला पाठ करून बाहेर नेलं होतं आणि आमची यादी हातोहात फिरत होती.

त्याच दिवसांत ताइनानच्या परीक्षा केंद्रात कू मेइ-लान आल्या. सत्तेचाळीस वर्षांच्या, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी. एकदा नापास झालेल्या. मी त्यांना अठ्ठावन्नावा आलो. त्यांनी मला दोनदा वाचलं. ओठ हलत होते. जवळजवळ तीन मिनिटं विचार करून त्यांनी निवडलं: वरिष्ठांना कळवेन. बिचाऱ्यांच्या कचेरीत साहेबाला विचारल्याशिवाय पान हलत नसणार!

मी चुकलो त्यांच्याकडून. यंत्राने त्यांना थोडा सोपा प्रश्न दिला. तो त्यांनी सोडवला, पुढचाही सोडवला आणि त्या पुन्हा वर चढल्या. शंभरावा प्रश्न झाला आणि पडद्यावर आलं: परीक्षा समाप्त. पुढचं मला त्या शंभराव्या प्रश्नाने सांगितलं. दार उघडं होतं, त्याला सगळं ऐकू आलं.

“एवढ्यात बंद केलं,” मेइ-लान केंद्रातल्या ओउ नावाच्या तरुणाला म्हणाल्या. “यंत्रानेही नाद सोडला माझा. सगळेच प्रश्न अवघड. ऑफिसातल्या एकाने यादी देऊ केली होती, मी मोठ्या तोऱ्यात नको म्हटलं. घ्यायला हवी होती.”

“ताई, रडताय कशाला? आधी निकालाचा कागद तर उघडा.”

त्यांनी घडी उघडली.

“उत्तीर्ण म्हणजे... पास? आणि गुण कुठेयत?”

“पास झालेल्यांना आकडा देत नाहीत, ताई.”

“मग आई विचारेल किती पडले, तर काय सांगू?”

“सांगा, पुरेसे पडले!”

वर्षअखेरीस ताइपेईच्या खोलीत माझी तपासणी झाली. लू कागद पाहून म्हणाले, “वेनताई, गंमत बघा. ज्यांना सोपे प्रश्नसुद्धा येत नाहीत, ते हा चार सेकंदांत सोडवतात. आणि बाकी सगळं नीट सोडवणारे काही जण इथे चुकतात. पर्यायांची जागा बदलून चालवू या का?”

“नको,” वेनबाई म्हणाल्या. “हा आता कोणाबद्दल काहीच खरं सांगत नाही. काढून टाक.”

“तुमचा सगळ्यात लाडका प्रश्न ना?”

“म्हणूनच मी सांगतेय.”

त्यांनी मला शेवटचं एकदा सावकाश, मोठ्याने वाचलं आणि माझ्यापुढे लिहिलं: निवृत्त.

मित्रांनो, माझं एक ऐका. आम्हाला चोरून पाठ करू नका. आमच्याशी झुंजा, हवं तर चुका. तुमच्या भरवशावर उद्या कोणाचं तरी रुग्णालय, कोणाचं तरी पाणी चालणार आहे. माझ्याशी चुकलेल्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात, मेइ-लानबाईंचे हलणारे ओठसुद्धा. पाठ करून आलेल्यांपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलंच नाही.