रिकाम्या पोटी

त्या गुरुवारी सुवर्णा सात वाजायच्या आतच नाशकातल्या शालिमारजवळच्या गल्लीत येऊन थांबली होती. लॅबचं शटर अर्धंच वर गेलं होतं. आई मखमलाबादच्या मळ्यातून फुलांच्या टेम्पोत बसून येणार होती. मल्हारीचा टेम्पो रोज पहाटे आजूबाजूच्या मळ्यांतले झेंडूचे क्रेट उचलून फुलबाजारात आणायचा, आणि आईला शहरात काम असलं की मल्हारी तिला शेजारी बसवून घ्यायचा. वाटभर तो तिला आपल्या सासूच्या तक्रारी सांगे आणि ती प्रत्येक वेळी सासूचीच बाजू घेई.

वर्षभरापूर्वी पाण्याची बादली उचलताना आईचं मनगट मोडलं होतं. उन्हाळ्यात पाठ धरली. फोटो काढला तर दोन मणके दबलेले निघाले. त्याआधीच सुवर्णाच्या लक्षात यायला हवं होतं, कारण आईच्या साडीच्या निऱ्या पायात येऊ लागल्या होत्या आणि आई दोष साडीला देत होती. इंदिरानगरच्या शाळेत ग्रंथपाल असलेल्या सुवर्णानं हाडांविषयी मिळेल ते वाचून काढलं. वाचून धीर येण्याऐवजी झोप गेली. चौसष्ट वर्षांची बाई, पहाटे ओल्या बांधावरून फुलांची पाटी घेऊन चालते, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

डॉक्टर सावकाश बोलणारे होते. एकट्याच गेलेल्या सुवर्णाला त्यांनी समजावून सांगितलं की हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं भरून येतं. आईच्या बाबतीत मोडण्याचा वेग किती आहे, ते रक्तात पाहता येतं. आधी तो आकडा घ्यायचा, मग आठवड्याला एक गोळी सुरू करायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. आकडा उतरला की गोळी लागू पडली असं समजायचं. अट एकच. रक्त सकाळी नऊच्या आत द्यायचं, आणि आदल्या रात्रीपासून पाण्याखेरीज पोटात काही जाऊ द्यायचं नाही. अन्नानं आकडा खाली येतो आणि सगळंच फसतं. नमुना बर्फात घालून मुंबईला जाणार होता, तोही सोमवारी आणि गुरुवारीच.

सुवर्णानं बेत पक्का केला होता. गुरुवारी रक्त दिलं की आईनं मळ्यात परत जायचं नाही. रिपोर्ट येऊन गोळी सुरू होईपर्यंत, निदान दहा दिवस, इंदिरानगरला लेकीकडे राहायचं. दसरा अडीच आठवड्यांवर आलेला असताना झेंडू सोडून यायला आई कबूल झाली, हेच मोठं होतं. सुवर्णानं तिच्यासाठी मधल्या खोलीतला पलंग भिंतीशी सरकवला, न्हाणीत खरखरीत पायपोस टाकला, जावयानं म्हणजे महेशनं दाराचा उंबरासुद्धा तासून घेतला.

बुधवारी संध्याकाळी तिनं मळ्यावर फोन केला. शुभांगीनं, म्हणजे तिच्या भावजयीनं, उचलला. टेम्पो किती वाजता निघतो, आईच्या पिशवीत स्वेटर टाक, तिची पाठीला लावायच्या तेलाची बाटली विसरू नकोस, पाठीचा जुना फोटोही दे, असं सगळं सुवर्णानं सांगितलं. मग भाऊ समाधान फोनवर आला, फुलांच्या भावाबद्दल बोलला, आणि फोन ठेवला गेला. उपाशीपोटी यायचं, हे सांगायचं राहून गेलं. गेल्या आठवडाभर ती गोष्ट तिनं मनात इतक्या वेळा घोकली होती की ती सांगून झाली आहे असंच तिला वाटत होतं.

आई टेम्पोतून उतरली तेव्हा तिच्या पदराला झेंडूचा वास होता. लॅबमधल्या लताबाईंनी तिला साडीवरच्या शर्टाच्या बाहीची गुंडी काढायला लावली, दंडाला रबरी पट्टा आवळला आणि रोजच्या सवयीनं विचारलं, "आजी, काही खाल्लंय का?"

"चहा आन् भाकरीचा तुकडा," आई म्हणाली. "पाचाला फुलं तोडाया गेले ना. रिकाम्या पोटी आमच्या मळ्यात कुनी पाय ठेवत नाय."

हा नियम सुवर्णाच्या वडिलांचा, गोरक्षरावांचा होता. ती लहान असताना फुलं तोडायला आलेली एक बाई उपाशीपोटी विहिरीच्या काठाशी चक्कर येऊन पडली होती. थोडक्यात वाचली. तेव्हापासून घरातलं असो की मजूर, तोंडात काही टाकल्याशिवाय कुणी वाफ्यात उतरायचं नाही. वडील जाऊन बारा वर्षं झाली तरी शुभांगी रोज साडेचारला उठून चहा आणि भाकरी पुढ्यात ठेवत असे. सांगितलं नाही तर ती भाकरी देणारच, हे सुवर्णाइतकं कुणाला माहीत होतं?

लताबाईंनी पट्टा सोडला. म्हणाल्या, "मग आज नाही घेता यायचं. मॅडम, तुम्हाला सांगितलं होतं ना?"

त्या क्षणी सुवर्णाच्या तोंडून जे आलं, ते तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. "मी काल फोनवर सांगितलं होतं. भावजयीनं लक्ष दिलं नसेल."

आईनं वळून तिच्याकडे पाहिलं आणि ती बाहीची गुंडी लावायला लागली. मोडलेल्या मनगटानं ती लवकर लागेना. सुवर्णानं लावून दिली.

लताबाईंनी सोमवारी या म्हटलं. सुवर्णा आईला घरी चल म्हणून विनवत राहिली. पण रक्तच द्यायचं नाही तर चार दिवस नुसतं बसून काय करायचं, असं आईचं म्हणणं पडलं. सोमवारी येते, आली की दहा दिवस काय, पंधरा दिवस राहते. सुवर्णाला तो वाद रेटता आला असता. पण खोटं बोललेल्या माणसाचा आवाज चढत नाही, तसं तिचं झालं. तिनं रिक्षा केली आणि आईला मखमलाबादला सोडायला निघाली.

पेठ नाका मागे पडल्यावर आई म्हणाली, "शुभांगीला काय बोलू नको बरं. इसरली आसंल पोरगी. सगळ्यांचं ती एकटीच बघती."

तेव्हा सांगता आलं असतं. रिक्षात तिसरं कुणी नव्हतं. सुवर्णा रस्त्याकडे बघत राहिली आणि "हं" म्हणाली.

घरी पोचल्यावर मात्र अंगणात सगळेच होते. इतक्या लवकर कशा परत आलात, असं समाधाननं विचारलं. सुवर्णानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. शुभांगीच्या हातात पीठ होतं. "ताई, मला आठवत नाही," एवढंच ती म्हणाली. शेजारी धान्य पाखडत बसलेल्या भागीकाकूंनी, म्हणजे आईच्या थोरल्या जावेनं, सूप खाली ठेवलं. आई सगळ्यांना म्हणाली की आता ते पुरे करा, आणि फुलांच्या पाट्या धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उजाडता उजाडता आई ओल्या बांधावरून घसरली. उंची गुडघाभरही नव्हती. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. रविवारी ऑपरेशन झालं. सोमवारी सकाळी, जी वेळ रक्त द्यायची ठरली होती त्या वेळी, आईच्या हाताला सलाईन लागलेली होती. सुवर्णा उशाशी बसून सतत बोटांवर दिवस मोजत होती, उगाच, कारण पुढे मोजण्यासारखं काही नव्हतं. आई शुद्धीवर होती, शेवंतीला खत टाकलं का ते विचारत होती. सुवर्णानं तीनदा तोंड उघडलं. एकदा नर्स आली, एकदा समाधान आला, आणि एकदा कुणीच आलं नाही तरी तिला बोलता आलं नाही. गुरुवारी सकाळी आईला दम लागला. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि दहा वाजायच्या आत सगळं संपलं.

मळ्यात झेंडू भरात आला होता. सुतकातल्या घरची फुलं देवाला चालायची नाहीत, म्हणून ती कुणी तोडेना. दसऱ्याला सगळ्या नाशकात तोरणं लागली आणि इथे वाफेच्या वाफे झाडावरच काळे पडत गेले. भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसत. त्यांच्यापाशी भागीकाकू तेच तेच सांगत. दहा दिवस लेकीकडं राहायला निघाली होती बिचारी. सुनेनं सांगितलेलं ऐकलं नाय, चहा-भाकर चारली, रक्त वाया गेलं, म्हनून माघारी आली. नायतर कशाला त्या बांधावर गेली आसती?

शुभांगी आतल्या चुलीपाशी असे. तिला सगळं ऐकू येई. समाधान तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलेनासा झाला, पाणी हवं असलं तर स्वतः उठे. एके दुपारी भांडी घासताना शुभांगी सुवर्णाला म्हणाली, "ताई, तुमचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. तुम्ही सांगितलं असणार. मला नीट ऐकूच आलं नसेल." तिचे डोळे सुजलेले होते. सुवर्णाला वाटलं, हिनं भांडावं, तोडून बोलावं, खोटी म्हणावं. ती मात्र स्वतःवरच आळ घेऊन मोकळी झाली होती. सुवर्णा राखेनं पातेलं घासत राहिली.

दहावं झाल्यावर ती डॉक्टरांकडे गेली. फाईल समोर ठेवून तिनं विचारलं की त्या गुरुवारी रक्त गेलं असतं तर काही फरक पडला असता का. डॉक्टर म्हणाले, गोळीनं हाडाला बळ यायला महिनोन्‌महिने जातात. ती तपासणी म्हणजे नुसती सुरुवातीची खूण होती, तिनं हाड काही वाचत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

परतीची सगळी वाट ती त्या उत्तराच्या आधारानं आली. वाटलं, हेच सांगायचं. कुणाचीच चूक नव्हती, असं सांगितलं की शुभांगी सुटेल. आणि आपणही. घरी येऊन तिनं सगळ्यांसमोर डॉक्टरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. भागीकाकू म्हणाल्या, डाक्टर त्ये असंच म्हननार.

"गोळीचं नाही गं ताई," समाधान म्हणाला. "त्या दिवशी रक्त घेतलं असतं तर शुक्रवारी आई तुझ्याकडं असती. बांधावर नसती. एवढंच माझ्या डोक्यातून जात नाही."

डॉक्टरांना तिनं हे विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेराव्याची माणसं जेवून गेली. दुपारी शुभांगीचा भाऊ निफाडहून जीप घेऊन आला. थोडे दिवस माहेरी जाऊन येऊ दे, असं ठरल्याचं भागीकाकूंनी सांगितलं. कुणी ठरवलं, ते कुणी बोललं नाही. समाधान गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शुभांगीनं दोन साड्या पिशवीत भरल्या, मोठ्यांच्या पाया पडली, सुवर्णाच्याही पाया पडली. वाकलेल्या तिच्या पाठीकडे बघताना सुवर्णाच्या मनात एकच विचार आला. ही जीप वळणाआड गेली की ते वाक्य कायमचं खरं होणार. पुढच्या दिवाळीला, पुढच्या वर्षश्राद्धाला, तेच सांगितलं जाणार, आणि आपण तिथे बसून ऐकणार.

"जपून जा गं," भागीकाकू म्हणाल्या. "आन् इथून पुढं कुनी काय सांगितलं तं ध्यानात ठेवत जा."

शुभांगीनं मान हलवली. भावानं तिच्या हातातली पिशवी घेतली.

"पिशवी खाली ठेव," सुवर्णा म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. "समाधान, तूही इकडे ये. काकू, तुम्हीही ऐका. मी हिला सांगितलंच नव्हतं. बुधवारी फोनवर स्वेटरचं बोलले, बाटलीचं बोलले, उपाशीपोटी यायचं हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. लॅबमध्ये त्या बाईंनी विचारलं तेव्हा लाज वाटली म्हणून हिचं नाव घेतलं. मग इथे अंगणात पुन्हा घेतलं. शुभांगी, तुला ऐकू आलं नाही असं नाही, मी बोललेच नव्हते. आई मला रिक्षात म्हणाली, तिला काही बोलू नको, विसरली असेल. तेव्हासुद्धा मी गप्प बसले. आईला मी खोटं सांगितलं, आणि तेच खरं धरून ती गेली."