झाडं अशी येत नव्हती

बाळासो पेंटरनं मशीनच्या डाव्या अंगाला पिवळा रंग दिला होता आणि त्यावर खडूनं अक्षरं आखून ठेवली होती. रुचितानं ती हॉटेलच्या दारातूनच वाचली. ‘दुरुस्ती : संयोगिता’. अक्षरं हातभर मोठी होती.

कसबा बावड्यातल्या हंबीररावांच्या मिसळीच्या हॉटेलात ते मशीन उभं होतं. मोटारसायकल शर्यतीचं, खऱ्या गाडीसारखं बसायचं सीट असलेलं, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा हंबीररावांचं बिंदू चौकाजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. शाळा सुटली की रुचिताचा थोरला भाऊ जिनेंद्र आत पळायचा आणि रुचिता त्याचं दप्तर घेऊन पायरीवर उभी राहायची. मुली आत जात नसत. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण जात नसत. पायरीवरून तिला पडदा दिसायचा. लांबवर एक ठिपका उठायचा, त्याचं झाड व्हायचं, आणि बघता बघता ते झाड अंगावर यायचं.

पुढं एम.एस्सी.ला तिला कळलं की ते झाड येतच नव्हतं. एकच सपाट चित्र होतं. मशीनच्या आतल्या बोर्डावरचा एक भाग सेकंदाला साठ वेळा तेच चित्र पुन्हा काढायचा, दर वेळी जरा मोठं. काही रेघा दोनदा, काही तीनदा. कुठल्या मापाला कुठली रेघ किती वेळा काढायची, त्याचं कोष्टक, म्हणजे टेबल, एका लहान चिपमध्ये लिहून ठेवलेलं असे. हे कळलं त्या दिवशी ती खूप हसली होती. पण पायरीवरून दिसणारं झाड काही त्यामुळं कमी झालं नाही.

फेब्रुवारीत हंबीररावांनी गोदामातून मशीन काढलं आणि बोर्ड घेऊन थेट उद्यमनगरात तिच्याकडं आले. कारखान्यांच्या मशीनचे बोर्ड दुरुस्त करण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

“चालू कर पोरी. ट्रकवर मालकाचं नाव असतंय बघ, तसं ह्याच्या अंगावर दुरुस्त करणारीचं नाव घालतो. बाळासोला सांगूनच आलोय.”

ती हसून “कशाला काका” म्हणाली. पण घरी जाताना मनातल्या मनात तिनं ते नाव पिवळ्यावर लाल असं वाचूनही घेतलं.

पाच महिने तिनं बोर्ड तपासला. चिपांच्या एकेका पायाचं माप घेतलं, वहीत मांडलं. शेवटी निष्पन्न एवढंच झालं की चित्र लहान-मोठं करणारी मोठी चिप मेली होती आणि तसली चिप आता जगात कुठं मिळत नव्हती. तिनं तसं सांगितलं. तेव्हा हंबीररावांनी बोर्ड संयोगिताला दाखवला.

संयोगिता सहा वर्षांपूर्वी तिच्याच वर्कशॉपमध्ये दोन महिने शिकायला होती. पहिल्या आठवड्यात सोल्डरिंगचे टाके असे घालायची की कथलाचे गोळेच व्हायचे. नंतर पुण्याला गेली, कुठल्याशा कंपनीत राहिली, परत आली. तिनं मेलेल्या चिपसारखी दुसरी शोधलीच नाही. त्या चिपचं सगळं काम एका नव्या चिपमध्ये स्वतः लिहून काढलं. अकरा दिवसांत. रुचितानं ते दिवस मोजले होते.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला होता.

“मॅडम, मापांच्या टेबलाची ती खिडकीवाली चिप तुमच्याकडंच राहिलीय न्हवं? तेवढी बसवली की झालं.”

तपासायला काढलेली ती चिप समोरच ड्रॉवरमध्ये होती. काचेच्या खिडकीवर तिनंच चिकटवलेला कागद होता, त्यावर तिच्या बारीक अक्षरात तारीख आणि ‘वाचली, बरोबर’.

“रिकामी निघाली ती,” रुचिता म्हणाली. “वरचा कागद निघाला होता. खिडकीतनं ऊन लागून आतलं सगळं पुसलं असणार.”

“अरेरे! बरं, असू दे. मी गणितानं नवं टेबल करतो की.”

फोन ठेवल्यावर रुचितानं वही उघडली आणि तशीच मिटली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खोटं माप सांगितलं होतं. ते लिहायची हिंमत मात्र तिला झाली नाही.

या गोष्टीला चार दिवस झाले होते, आणि आज ती हॉटेलात खडूची अक्षरं वाचत उभी होती. मशीन सुरू झालं. पडदा उजळला, रस्ता धावू लागला, टेबलावरच्या लोकांनी मिसळ सोडून टाळ्या वाजवल्या. हंबीरराव सत्तरीतही ऐटीत सीटवर बसले. एका वळणाला धडकले. पुन्हा धडकले. मग खाली उतरले.

“हे न्हवं.”

“काय झालं, काका?” संयोगितानं विचारलं.

“झाडं अशी येत न्हवती. ही बघ, सरळ तुपातनं आल्यागत येत्यात. तवा झाड जरा थांबायचं, दम खायचं, आन मग अंगावर यायचं. त्या दमातच वळवायचं असतंय की!”

रुचिताला बरं वाटलं. इतकं बरं की तिनं चहासुद्धा मागितला.

त्यानंतर संयोगिता टेबलं बदलत राहिली. एका संध्याकाळी ती आलेखाचे कागद घेऊन वर्कशॉपमध्ये आली. डोळे खोल गेले होते.

“तुम्ही एकदा बघा मॅडम. तुमच्या नजरेतनं चूक सुटत न्हाई.”

रुचितानं सगळे कागद तपासले. अक्षर सुंदर होतं, पायरी एकही गाळलेली नव्हती. अशी मांडणी तिला स्वतःला जमली असती का, हा विचार तिला नको होता, पण आला.

“गणित बरोबर आहे.”

“मग चुकतंय कुठं?”

रुचितानं कागद नीट जुळवून परत दिले. ड्रॉवर तिच्या गुडघ्याला लागत होता.

क्षमावाणीच्या दिवशी ती सकाळी बस्तीत, जैन मंदिरात, जाऊन आली आणि नेहमीप्रमाणं ओळखीच्यांकडं निघाली. पर्युषण पर्व संपलं की वर्षभराची क्षमा मागायची, ही तिच्या घरची रीत. हंबीररावांच्या गल्ल्यासमोर तिनं हात जोडले.

“कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा, काका.”

“आलीस व्हय! पंधरा वर्षं झाली, न चुकता माफी मागतीयास. पर काय चुकलं ते कधी सांगितलं न्हाईस. मग आम्ही माफ तरी काय करायचं? दोन किलो, तीन किलो, काय तरी माप पायजे न्हवं?”

हॉटेल हसलं. रुचिताचे हात जोडलेलेच राहिले. मशीनच्या मागं झाकण काढून संयोगिता बसली होती.

“संयोगिता,” ती म्हणाली, “ती चिप रिकामी नव्हती.”

संयोगिता उठून पुढं आली. “म्हणजे?”

“चांगली आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी खोटं बोलले.”

“का?”

“तुझं नाव आखलं होतं म्हणून.” मग तिनं स्वतःलाच दुरुस्त केलं. “नाही. नाव नंतर आखलं. मी त्याच्या चार दिवस आधीच खोटं बोलले होते.”

“तीन आठवडे घातले मी ह्यात, मॅडम.”

“तेवीस दिवस.”

“आणि मी तुमच्यापुढं कागद घेऊन बसलो हुतो!”

“गणित बरोबर होतं, ते खरं सांगितलं.”

“मोठा उपकार केला!”

“ए, भांडण मागनं,” हंबीरराव गल्ल्यावरून ओरडले. “आधी ती चिप आणा जावा.”

रुचिता स्कूटरवरून जाऊन आली. चिप तिनं पुढं केली, पण संयोगितानं घेतली नाही. “तुम्हीच घाला. मी आत्ता रागात हाय. चिपचा पाय वाकला तर परत माझ्याच नावावर.”

रुचितानं ती बसवली. हंबीरराव सीटवर चढले. लांबवर ठिपका उठला, झाड झालं, किंचित थांबलं आणि झेपावलं. म्हाताऱ्याचं अंग आपोआप डावीकडं गेलं. पहिला टप्पा त्यांनी न धडकता पार केला.

“हेच,” उतरून ते म्हणाले. “बाळासो, रंगव रे नाव.”

“कुठलं?” कोपऱ्यात मिसळ खात बसलेल्या बाळासोनं दोघींकडं पाहिलं.

रुचिता थांबली. दोघींचं घाला, असं संयोगिता म्हणेल असं तिला वाटलं होतं. एवढं सगळं सांगून टाकल्यावरही वाटलं होतं, याची तिला लाज वाटली. संयोगिता म्हणाली नाही.

“आखलंय तेच की,” हंबीरराव म्हणाले. “आणि तू काय उभी हाईस दारात? बस सीटवर.”

“मी? मी कधी खेळले नाही.”

“मला काय म्हाईत न्हाई? दप्तर घिऊन पायरीवर उभी ऱ्हायचीस.”

ती बसली. साडीचा काठ सावरून तिनं हँडल धरलं. पहिलं झाड चुकवलं, दुसरं घासून गेलं, तिसऱ्यावर ती सरळ जाऊन आदळली. लोक खो-खो हसले.

“झाड आल्यावर वळवू नका,” मागून संयोगिता म्हणाली. आवाज अजून टणकच होता. “दम खातंय तवाच वळवा. आणि मी माफ केलं म्हणून सांगत न्हाई हां.”

“माहीत आहे,” रुचिता म्हणाली.

डाव्या अंगाला बाळासोचा कुंचला ‘यो’पर्यंत आला होता. ताज्या रंगाचा वास तिच्या नाकात शिरत होता. तिनं हंबीररावांच्या हातातलं दुसरं टोकन घेतलं आणि फटीत टाकलं.