किर्स्टेनची विहीर

विहिरी खणायचा आमचा आज्यापासूनचा धंदा. कागद मला फारसे झेपत नाहीत, पण विहिरीत डोकावलं की खणणाऱ्याचा हात कसा होता ते सांगतो.

एकोणीसशे शहाऐंशीची गोष्ट. आमच्या नेब्रास्कातल्या आर्डिस मिकेल्सनबाईंनी मला जुनी विहीर बुजवायला बोलावलं. वासरू पडता पडता वाचलं होतं. गेलो तर बाई तणतणत होत्या. शंभर वर्षं एकाच घराण्याकडे असलेल्या शेताला आमच्या जत्रेत पितळी पाटी मिळते. बाईंचा अर्ज परत आला होता. आजोबा अँटनच्या नावावर जमीन अठराशे एक्याण्णवपासून. पाच वर्षं कमी!

"पाच वर्षं थांबा म्हणतो मेला जत्रेचा कारकून! डॉक्टर मला पुढच्या पेरणीचीसुद्धा हमी देत नाही."

"मका काढेपर्यंत तरी मरू नका," मी म्हटलं.

"तू आधी विहीर बुजव, वर्न. मग तुझं तोंड."

काठाचा दगड उलटला. खालच्या बाजूला छिन्नीनं कोरलेलं: के. एल., १८८६.

"बाई, तुमचा अँटन कधी आला इकडं?"

"नव्वद साली उतरला बोटीतून."

"मग ही विहीर काय भुतानं खणली?"

बाई गुडघ्यावर बसल्या. अक्षरांवरून बोट फिरवलं. "किर्स्टेन लॉरिट्सन," हळूच म्हणाल्या. "माझी आजी. हे तिचं माहेरचं नाव. घरात सगळे सांगायचे, माळ आजोबांनी फोडला, आजी पाव भाजायची."

तेव्हा बिनलग्नाच्या बाईलाही सरकारी जमीन मागता यायची. लग्नानंतर जमीन नवऱ्याच्या नावावर चढली असणार, आणि अर्ज तपासणाऱ्यांनी सगळे कागद त्याच्याच नावानं उपसले होते. बाईंनी त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या सरकारी दप्तरखान्याला पत्र धाडलं, आजीच्या माहेरच्या नावानं. मी दगड तसाच ठेवला. बुजवायचं काम राहिलं.

सात आठवड्यांनी जाड पाकीट आलं. बाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली आणि आजीच्या जमिनीच्या अर्जाला जोडलेली तेव्हाच्या शेजाऱ्याची साक्ष मोठ्यानं वाचली: "ही बाई शहाऐंशीपासून इथं एकटी राहते. मातीचं घर, एक गाय, वीस एकर गहू. विहीर बत्तीस फूट. खाली ती खणायची, वर बादली ओढायला मी."

बत्तीस फूट! हातानं! मी तीनशे विहिरी खणल्या, पण यंत्रानं. मी टोपी काढली.

"टोपी कशाला काढतोस?" बाई नाक पुसत म्हणाल्या.

"तुमच्यासाठी नाही. खालच्या बाईसाठी."

जत्रेत कारकुनानं विचारलं, पाटीवर मिकेल्सनच घालायचं ना?

"किर्स्टेन लॉरिट्सन," बाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की डुकरांच्या तंबूतली माणसं वळली. "आणि खाली बारीक अक्षरात, नवरा अँटन."

पाटी फाटकाला नाही लावली. विहिरीला मी लोखंडी झाकण केलं, तो दगड कोरीव बाजू वर करून काठावर बसवला आणि पाटी त्याच्या शेजारी ठोकली. बाई म्हणाल्या, वाकडी बसली. मुळीच वाकडी नव्हती. तरी दोनदा काढून ठोकली, कारण बाईंना तिथनं हलायचंच नव्हतं.

मका निघाला. पुढची पेरणीही झाली. बाई होत्या.