काचेतला झगा

थोरलीने पिशवी पुन्हा डाव्या खांद्यावर चढवली आणि पुढच्या झाडाची पितळी पाटी वाचायला लागली. पिशवी लगेच घसरली. या जुन्या वनस्पती उद्यानात प्रत्येक झाडाला पाटी होती, आणि आज ती तिला फार मोठी सोय वाटत होती.

"ताई, संग्रहालय पाचला बंद होतं," धाकटी म्हणाली.

"आलेच गं. बागेचं तिकीट काढलंय ना? वसूल नको करायला?"

उद्यानाच्या फाटकासमोरच पोशाखांचं संग्रहालय होतं आणि तिथे धाकटीने शिवलेला झगा काचेत उभा होता. थोरलीच्या पोटात दुखत होतं ते याचंच. आईच्या शिवणाच्या दुकानात धाकटीला सुईत दोरा ओवायला तिनेच शिकवलं होतं. पुढे धाकटी मोठ्या शहरात गेली, तिचं नाव झालं. थोरली दुकानातच राहिली, लोकांच्या पँटी आखूड करत. संग्रहालय बंद झालं की सुटले, असा विचार करून ती काचघरातल्या कमळांपाशीही उगाच रेंगाळली. पण धाकटी लहानपणी खाऊसाठी थांबायची, तशी दारात थांबून राहिली. शेवटी जावंच लागलं.

मंद दिव्यात निळा झगा उभा होता. थोरलीने आधी शिवण पाहिली, मग चुण्या, मग गळा. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. असं काम आपल्या हातून कधी होणार नाही, हे तिला कळलं आणि तिचा चेहरा पडला. तेवढ्यात तिला खुसपट सापडलं.

"डावा खांदा उतरलाय." आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही. "एवढं नाव कमावलंस आणि दोन खांदे सारखे नाहीत? आईने उसवायला लावला असता."

धाकटी चिडली नाही.

"इथलेही तेच म्हणत होते. सरळ करून द्या म्हणून मागे लागले होते. मी नाही केला."

"का?"

"आई प्रत्येक कपडा आधी तुझ्या अंगावर चढवून बघायची. मी कापड कापायला शिकले ती तुझ्यावरच, ताई. हा तुझ्या मापाचा आहे."

थोरलीने पुन्हा काचेकडे पाहिलं. झग्याशेजारी तिचं प्रतिबिंब पडलं होतं, डावा खांदा तसाच उतरलेला. घसरलेल्या पिशवीकडे गेलेला तिचा हात खांद्यावरच थांबला.

"बाही मला लांब लागते," ती म्हणाली.

"लांबच आहे."

पलीकडच्या दालनातले दिवे मालवत पहारेकरी आला.

"चला बाई, वेळ संपली."

"थांबा हो जरा," थोरली काचेला जवळजवळ नाक लावून म्हणाली. "मी अजून नीट पाहिलाच नाही."