सही चौकटीत हवी

माझ्या बाबांची सही खिडकीवरच्या बाईंनी तिसऱ्यांदा नापास केली, तेव्हा माझं डोकंच सटकलं.

"अहो, हात थरथरतो म्हणूनच आलोय ना इथे? सही सरळ आली असती तर घरी कपडे शिवत बसले असते ते!"

"माझ्यावर कशाला ओरडता, ताई? चौदा पानं, चौदा सह्या. सगळ्या चौकटीत आणि सगळ्या एकसारख्या. नाहीतर मशीन घेत नाही." बाईंनी कागद परत सरकवले. मशीन कोपऱ्यात हिरवा दिवा लावून निवांत बसलं होतं.

या जागेचं नाव जोडणी केंद्र. संशोधक, डॉक्टर आणि रुग्ण यांची आपल्याच भागात गाठ घालून द्यायची, म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीसाठी कोणाला दूरच्या शहरात हेलपाटे नकोत. कल्पना झकास. भिंतीवर हातात हात घातलेल्या तिघांचं भलंमोठं चित्र. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, चिठ्ठी केंद्रात पोचली, केंद्रातून आम्हाला फोन आला. इथवर सगळं जोडलेलं. पुढे ही खिडकी.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी अशी काजं केली, की गिऱ्हाईक सदरा उलटा करून आतली बाजू बघत बसायचं. गेली दोन वर्षं सुईत दोरा जात नाही. थरथरीवरच्या या औषधाच्या चाचणीत त्यांना घेणार की नाही, ते आज पाचपर्यंत ठरणार होतं. पाचला नोंदणी बंद. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"मिरचे, गप्प बस," बाबा म्हणाले. लहानपणापासून मला याच नावाने दामटतात. "आण ते पेन. परत करतो."

"आत्तापर्यंत पास किती झाले हो?" मी बाईंना विचारलं.

"अकरा! एकेकाची सही अशी, छापल्यासारखी."

थरथरीच्या चाचणीत छापल्यासारख्या सह्या करणारे अकरा रुग्ण. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात आतून संशोधक रडवेल्या तोंडाने बाहेर आले. "अहो बाई, अकराच्या अकरा जणांचे हात एकदम स्थिर! औषध द्यायच्या आधीच बरे! एवढ्या मोठ्या भागात एक थरथरणारा माणूस मिळू नये?"

बाबांनी हात पुढे केला. संशोधकांनी तो हातात घेतला आणि सोडेचनात.

"वा! काय सुंदर थरथर आहे! इतके दिवस होतात कुठे तुम्ही?"

"या खिडकीबाहेर," बाबा म्हणाले. "तिसरी खेप आहे."

"सहीची ही असली अट घातली कोणी?" संशोधक बाईंवर उखडले.

बाईंनी शांतपणे नियमांचं पान उलटून दाखवलं. "तुम्हीच, सर. खाली तुमची सही आहे. अगदी चौकटीत."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. अट काढायची तर समितीची बैठक हवी, आणि बैठक पुढच्या महिन्यात. त्यांनी सरळ हात वर केले.

"एक करता येईल," बाई हळूच म्हणाल्या. "अंगठा चालतो. त्याला चौकट नाही. फक्त निरक्षर म्हणून नोंद करावी लागेल."

"निरक्षर? माझे बाबा?" मी भडकले. "अर्धी गल्ली त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायची!"

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं उरली होती. "शाई कुठेय?" त्यांनी विचारलं.

चौदा अंगठे उठले. निम्मे फरकटले, पण मशीनने सगळे गपागप गिळले. उरला बाईंनी तपासायचा एक सुटा कागद: 'या व्यक्तीला लिहिता-वाचता येत नाही, याची मी खात्री केली आहे.' खाली चौकटीत साक्षीदाराची सही. बाबांनी तो माझ्याकडे सरकवला.

काळ्या कापडाच्या चिंधीवर, मापाच्या खडूने, मला पहिलं अक्षर त्यांनीच काढून दिलं होतं. माझा हात हातात धरून गिरवून घेतलं होतं. मला इतकं भरून आलं की अक्षरं दिसेनात.

"कर सही," बाबा म्हणाले. "आणि रडून कागद भिजवू नकोस, परत करावा लागेल."

मी केली. हात असा थरथरला की सही पार चौकटीबाहेर गेली. बाईंनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.