मास्तरांची वजाबाकी

या, जरा पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आज बर्फाखालच्या पाण्याची गोष्ट ऐका, आणि एका बहिणीच्या जिवाची कशी घालमेल झाली तेही.

ही बहीण एका कार्यालयात उपग्रहाने मोजलेली बर्फाची उंची तपासायची. बर्फ मैलभर जाड, त्याच्या पोटात तळी. तळं भरलं की वरचा बर्फ फुगतो, रितं झालं की खचतो. उपग्रह दर तीन महिन्यांनी त्याच वाटेवरून जातो. जुन्या-नव्या उंचीतल्या फरकावरून पाणी कुठे गेलं ते ताडायचं. तिचा धाकटा भाऊ तिथेच, बर्फाच्या कडेला, मोजमापांसाठी सोबत्यांसह कोरड्या ओहोळात तंबू ठोकून होता. वरचं तळं अजून भरतंय, म्हणजे पाणी एवढ्यात खाली येणार नाही, असं कार्यालयातला उंचीच्या फरकांचा तक्ता सांगत होता, म्हणून ती जागा निवडलेली.

त्या सकाळी तिने सहज हाताने हिशेब केला, नव्या उंचीतून जुनी वजा केली. वजा चार मीटर. तक्त्यात मात्र अधिक चार. पुन्हा केला, पुन्हा वजाच. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, चहाचा कप उचलून तसाच ठेवला. मग लक्षात आलं. तक्त्याची रीत तो पहिल्यांदा आखणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या मास्तरांची. ते जुन्यातून नवं वजा करत, बर्फ किती खचला ते सरळ दिसावं म्हणून. मागून आलेले सगळे अधिक म्हणजे भरलं असंच वाचत राहिले. तळं रितं होत होतं, आणि उतार भावाच्या तंबूकडे.

तिने फोन लावला. भाऊ हसला. "ताई, इथे तोंड धुवायला बर्फ वितळवावा लागतो, आणि तू मला बुडवतेस?"

कार्यालयातल्या साहेबीणबाई म्हणाल्या, तंबू हलवले तर कामाचा हंगाम वाया जाईल. तुझी रीत बरोबर की तक्ता, हे आधी कुणीतरी सांगू दे. तिने मास्तरांना गाठलं. त्या तक्त्यावरच त्यांचं सगळं नाव उभं होतं. तरी ते म्हणाले,

"पोरी, तसं वजा करणारा मीच. आणि ते लिहून ठेवलं नाही, ही चूकही माझीच. माझं नाव घालून कळव, आत्ता."

संध्याकाळपर्यंत तंबू वरच्या खडकावर गेले. तीन दिवस तिला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. आधी तंबू होते तो ओहोळ दुथडी भरून वाहत होता.

राखलं देवानेच. पण त्याने हाक मारली ती मास्तरांच्या तोंडून. हात जोडाल तेव्हा त्या म्हाताऱ्याचीही आठवण काढा, एवढंच मागणं.